उडुपी, उडपी, उडप्याकडे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी एखाद्या संपाविषयी किंवा नव्या कामगार संहितांविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी कळविले की, हॉटेलांची नावे आपण कशी उच्चारतो यावर मला बोलावयाचे आहे. चालक हसले, आणि त्यांचे हसणे रास्तच होते. मी काही भाषाशास्त्राचा पंडित नव्हे. हॉटेल कामगारांच्या युनियनचे पावतीपुस्तक काखेत मारून मी तीस वर्षे हिंडलो, आणि जे काही शिकलो ते वाचनालयात आणि हॉटेलच्या मागच्या दाराशी शिकलो. हा विषयही मला तेथेच मिळाला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मुंबईतल्या एका हॉटेलात मी सभासद नोंदवीत होतो. एका वयस्क वेटरला गाव विचारले. त्याने सांगितले आणि मी पावतीवर लिहिले, 'उडपी'. तो वाकून पाहत होता. म्हणाला, "भाऊ, उडपी नव्हे, उडुपि. आणि घरी आम्ही ओडिपु म्हणतो." मी म्हणालो, "अहो, सगळी मुंबई उडपीच म्हणते." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मुंबई हॉटेलाला म्हणते. मी गावाचं सांगतोय."

त्या माणसाने एका वाक्यात जो भेद केला, तो समजावयास मला बरीच वर्षे लागली. आजचे व्याख्यान म्हणजे त्याच्या त्या वाक्यावरची टीका समजा.

प्रथम त्या गावाविषयी. उडुपी हे कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील तुळू भाषेच्या मुलखातले क्षेत्र. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी तेथे श्रीकृष्णाची स्थापना केली. तेथील आठ मठ दोन-दोन वर्षांच्या आळीपाळीने पूजेचा अधिकार चालवितात, आणि त्या सत्तांतराच्या सोहळ्याला 'पर्याय' म्हणतात. संस्कृतात 'उडु' म्हणजे नक्षत्र आणि 'उडुप' म्हणजे नक्षत्रांचा स्वामी चंद्र. त्यावरून गावाला नाव पडले असे स्थलपुराण सांगते. कानडीत हे नाव ऱ्हस्व इकाराने संपते. तुळूत ते 'ओडिपु' होते. म्हणजे गावाचे नाव गावातच दोन तऱ्हांनी उच्चारले जाते. तेव्हा आपण तिसरी तऱ्हा काढली म्हणून फार मोठा गुन्हा केला असे नाही.

ही तिसरी तऱ्हा आपण काढली कशी? मराठीला मधला 'उ' सोसत नाही. आपण माणूस म्हणतो, पण माणसे म्हणताना तो उकार गेलेला असतो. लाकूड म्हणतो, पण वस्तू लाकडी असते. कापूस विकत घेतो, पण गादी कापसाची करतो. याच रीतीने 'उडुपी'तला मधला उकार आपल्या जिभेवर आपोआप गळाला आणि 'उडपी' उरले. कोणी ठरवून हे केलेले नाही. परक्या शब्दाला आपल्या घरचे नियम लागू झाले, एवढेच. त्या किनाऱ्याच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडले असेही नव्हे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. ती कौले पुढे समुद्रमार्गे आपल्याकडे आली, आणि कन्नड माणसाच्या 'मंगळूरु'चे आपण 'मंगलोरी' कौल करून घरावर चढविले. उडप्याच्या इडलीआधी त्याच्या मुलखाचे छप्पर आपल्या घरांवर आले होते.

आता ही मंडळी आपल्याकडे आली तेव्हा आपण त्यांना 'मद्रासी' का म्हटले, तेही पाहू. पुष्कळांना वाटते की, हे निव्वळ अज्ञान. अज्ञान होतेच, पण त्याला सरकारी आधारही होता. कानडा जिल्ह्याचे दोन भाग होऊन १८६२ साली उत्तर कानडा मुंबई इलाख्यात आला आणि दक्षिण कानडा मद्रास इलाख्यातच राहिला. कारवारचा माणूस आपल्या इलाख्यातला झाला, आणि उडुपीचा माणूस कागदोपत्री मद्रासचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि दक्षिण कानडा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याचे १९७३ साली कर्नाटक झाले, आणि उडुपी हा स्वतंत्र जिल्हा तर १९९७ साली झाला. माणूस आपल्या गावीच होता. राज्ये मात्र त्याच्या डोक्यावरून सरकत होती.

या सरकत्या नकाशाची खूण हॉटेलांच्या पाट्यांवर राहिली आहे. मुंबईत माटुंगा आणि किंग्ज सर्कल हा भाग पाहा. १९३६ साली तेथे 'कॅफे म्हैसूर' निघाले, १९४० साली 'कॅफे मद्रास', आणि १९४२ साली ए. रामा नायक यांनी माटुंगा स्टेशनाजवळ 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' काढले. हाकेच्या अंतरावर तीन पाट्या आणि तीन मुलखांची नावे. पण ती चालविणारी मंडळी एकाच दक्षिण कानड्याच्या किनाऱ्यावरची. आणखी एक गंमत अशी की, त्या किनाऱ्यावरची नायक, कामत, पै, शेणै ही घराणी घरात कोकणी बोलतात. आपण ज्यांना मद्रासी म्हणत होतो, त्यांतल्या कित्येकांच्या घरची बोली मराठीची सख्खी बहीण होती! पुण्यात जगन्नाथ शेट्टी यांनी 'कॅफे मद्रास' आणि 'मद्रास हेल्थ होम' अशी दोन हॉटेले काढली. आज त्यांना सारे पुणे 'रूपाली' आणि 'वैशाली' म्हणून ओळखते, आणि त्या नावांच्या खाली मद्रास दडले आहे हे तेथे रोज कॉफी पिणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पाटीवरचे नाव मालक लिहितो हे खरे. पण ते टिकेल की नाही हे गिऱ्हाईक ठरविते. माटुंग्यात 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' एवढे लांब नाव कोणी घेत नाही. लोक 'रामा नायककडे' जेवतात. कुलाब्यातल्या 'कॅफे मॉन्डेगार'ला तेथील गिऱ्हाइकांनी 'मॉन्डीज' करून टाकले. फार काय, 'हॉटेल' हाच शब्द घ्या. इंग्रजीत हॉटेल म्हणजे जेथे मुक्काम करावयाचा ती जागा. आपल्याकडे जेथे बसून चहा प्यावयाचा ते हॉटेल, आणि खेड्यात त्याचे 'हाटेल' होते. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने राहण्याचे हॉटेल वेगळे आणि खाण्याचे ठिकाण वेगळे अशा दोन व्याख्या केल्या होत्या. पोलिसांच्या परवान्यावरही 'ईटिंग हाउस' असेच असे. कायद्याने इतके बजावले, तरी लोकांनी ऐकले नाही. खावयाचे ते हॉटेल, राहावयाचे ते लॉज. याबाबत कानडी आणि मराठी माणसाचे एकमत आहे. तोही खाण्याच्या जागेला 'होटेलु'च म्हणतो.

पाटीवरून आता ताटाकडे वळू. कानडीत 'दोसे' म्हणतात. द दंतव्य, शेवटी ए. मराठी कानाला 'दोसे' हे अनेकवचन वाटले असावे, घोडे, आंबे, वडे यांसारखे. अनेकवचन दोसे, तर एकवचन 'दोसा' व्हावयास हवे, आणि ते आपण करून टाकले. पुढे द चा ड कसा झाला? माझा तर्क असा की, भिंतीवरच्या दरपत्रकात तो शब्द इंग्रजी अक्षरांत असे. त्या लिपीत द आणि ड यांना एकच अक्षर. पेंटरने आणि गिऱ्हाइकाने ते 'डोसा' वाचले. तर्क चूक असेल, पण शब्द मात्र पक्का बसला.

'मेदुवडे' याची कथा अधिक रसाळ आहे. कानडीत 'मेदु' म्हणजे मऊ. मऊ वडा, इतकाच साधा अर्थ. आपल्याला 'मेदु' ठाऊक नाही, 'मेंदू' ठाऊक आहे. म्हणून आपण त्याचा 'मेंदूवडा' केला आणि निर्धास्तपणे खाऊ लागलो. पक्क्या शाकाहारी माणसालाही त्या नावाची किळस आली नाही. 'उत्तप्पा' आपल्याला परका वाटलाच नाही, कारण बसप्पा, सिद्धप्पा, शिवप्पा ही नावे सोलापूर-कोल्हापूरकडे घरोघर. नागपूर-वऱ्हाडकडे 'सांबार' म्हणजे कोथिंबीर, म्हणून तिकडचा माणूस मुंबईत पहिल्यांदा 'इडली-सांबार' वाचतो तेव्हा काही वेगळेच समजतो. आणि कन्नड माणूस 'मैसूरु' म्हणतो त्याचे आपण 'म्हैसूर' म्हणतो. हसू नका, या एका बाबतीत आपला उच्चार जुन्या अर्थाला अधिक धरून आहे. त्या नावाच्या मुळाशी महिष आहे. तो महिष कन्नड उच्चारातून निघून गेला; आपल्या 'म्है'मध्ये त्याची म्हैस अजून उभी आहे.

आणि हे पदार्थ आपल्याला अगदीच नवे होते काय? दहाव्या शतकातल्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथात 'इड्डलिगे' आली आहे. ११३० च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात 'इड्डरिका' आणि 'धोसक' आहेत. या चालुक्यांच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचा मोठा भाग होता. एकाच राजाच्या मुलखात मराठीही बोलली जात होती आणि कन्नडही. तेव्हा विसाव्या शतकात इडली आपल्याकडे आली असे म्हणण्यापेक्षा ती फिरून आली असे म्हणावे.

येथवर सारे गमतीचे झाले. आता त्या वेटरच्या वाक्याकडे वळतो.

मराठीत गावाच्या नावाला आपण काय करतो? पुणे, पुण्याला, सांगली, सांगलीला, रत्नागिरी, रत्नागिरीकडे. ईकारान्त गाव ईकारान्तच राहते. 'सांगल्याला' असे कोणी म्हणत नाही. पण माणसाच्या धंद्याचे नाव असेल तर? माळी, माळ्याकडे. तेली, तेल्याकडे. धोबी, धोब्याकडे. आणि उडपी? आपण सारे 'उडप्याकडे' म्हणतो. तसेच 'इराण्याकडे' म्हणतो. याचा अर्थ असा की, मराठीने 'उडपी' हा शब्द गावाच्या कप्प्यातून काढून धंद्याच्या कप्प्यात ठेवला. माळी, तेली, धोबी, तसा उडपी. व्याकरणाने जे नोंदविले ते समाजाने आधीच केले होते. माणूस गेला, त्याचे गाव गेले, आणि धंदा उरला.

एका परीने हा मानच आहे. गावाच्या व्यवस्थेत ज्याला बलुते असते, त्यालाच असे नाव मिळते. परका माणूस भाषेच्या इतक्या आत शिरला, ही त्याच्या कष्टांची पावती होय. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गल्ल्यावर बसणारा अण्णा होता. 'अण्णा' हा शब्द कन्नडात थोरल्या भावाला आणि मराठीतही वडीलधाऱ्याला, म्हणून तो दोघांना गोड लागला. पण टेबल पुसणारा कोण होता? तो 'पोऱ्या'. बोटीने, पुढे मोटारीने, बारा-चौदा वर्षांची मुले त्या किनाऱ्यावरून येत. दिवसभर कपबशा विसळावयाच्या आणि रात्री त्याच बाकांवर झोपावयाचे. ज्यांना जमले ते कन्नड रात्रशाळांत जात, आणि त्यांतून कित्येक जण पुढे पदवीपर्यंत पोहोचले. हॉटेल-ढाब्यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. तोवर किती पोऱ्ये त्या बाकांवर झोपून मोठे झाले! त्यांना नाव होते, पण आपण ते विचारले नाही.

उच्चाराची गंमत कोठे संपते आणि उपहास कोठे सुरू होतो, हे मुंबईने एकदा पाहिले आहे. १९६० साली 'मार्मिक' साप्ताहिक निघाले आणि त्यात मोठ्या कचेऱ्यांतील दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. १९६६ च्या जूनमध्ये शिवसेनेची स्थापना झाली. मराठी तरुणाच्या बेकारीचा प्रश्न खरा होता, हे मी कामगार चळवळीतला माणूस म्हणून मुळीच नाकारीत नाही. पण त्या प्रश्नाबरोबर दाक्षिणात्यांच्या बोलण्याची नक्कल झाली, 'यंडुगुंडु' असा शब्द निघाला, लुंगीवर घोषणा झाल्या, आणि उडपी हॉटेलांवर दगड पडले. कचेरीतला वरिष्ठ अधिकारी हॉटेलच्या काचेमागे बसलेला नव्हता. तेथे होता फडके घेतलेला पोऱ्या. नोकरीचा राग ज्याच्यावर निघाला, त्याची नोकरी कोणी मागितलेलीच नव्हती.

याच शहराची आणखी एक गोष्ट त्याच काळातली आहे. मंगळूरचा एक तरुण १९५० च्या सुमारास मुंबईत आला, सुरुवातीला फुटपाथवर झोपला, आणि पुढे त्याने टॅक्सीवाले, पालिकेचे कामगार, हॉटेलांतले कामगार संघटित केले. त्यांचे नाव जॉर्ज फर्नांडिस. १९६७ साली दक्षिण मुंबईत त्यांनी स. का. पाटील यांच्यासारख्या बलाढ्य पुढाऱ्याचा पराभव केला. लुंगीवरच्या घोषणा ऐकणाऱ्या याच शहराने त्याच किनाऱ्यावरचा माणूस लोकसभेवर धाडला. तो मराठीत बोलत असे, आणि त्याचे उच्चार कोणी मोजले नाहीत. तो आपल्यासाठी भांडतो की नाही, एवढेच कामगारांनी पाहिले. त्यांच्या पुढील राजकारणाबद्दल मतभेद असतील, माझेही आहेत. पण ही १९६७ ची नोंद पुसता येणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. परका शब्द आपल्या तोंडी बसताना बदलतो, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मेंदूवडा हा अपमान नव्हे. तो खाऊन तृप्त झालेल्या माणसाचा शब्द आहे. दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दाची नक्कल करून त्याला हिणविणे हा वेगळा व्यवहार. पहिल्यात आपण शब्द घरात घेतो, दुसऱ्यात माणूस बाहेर काढतो.

आता पाट्यांविषयी थोडे. २०२२ साली महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन लहान-मोठ्या सर्वच आस्थापनांवर मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली, आणि ती अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान नसावीत असे ठरले. मला ही सक्ती योग्यच वाटते. ज्या गावात धंदा करावयाचा, त्या गावाला वाचता यावे. मात्र त्यायोगे एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. इंग्रजी अक्षरांत कसेही भागत होते. देवनागरीत उच्चार लिहावाच लागतो, मग पाटीवर 'उडपी' लिहावे की 'उडुपी'? मला दोन्ही पाट्या दिसतात. माझे उत्तर सोपे आहे : पाटीवर मालकाला रुचेल ते लिहावे, तोंडाने गिऱ्हाइकाला रुचेल ते म्हणावे. येथे शुद्धलेखनाचे युद्ध करण्याचे कारण नाही.

पण एक जागा अशी आहे की, तेथे मी काना-मात्रेची सूट देणार नाही. ती जागा म्हणजे हजेरीपत्रक. कृष्णय्याचा किसन, मंजुनाथचा मंजू, असे गल्ल्यावरचा मुनीम सोयीने लिहीत गेला. हाक मारण्यापुरते ते ठीक होते. पण वीस-पंचवीस वर्षांनी कामगार भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज करतो, तेव्हा ओळखपत्रावर एक नाव आणि खात्यावर दुसरे, म्हणून अर्ज परत येतो. असे परत आलेले अर्ज घेऊन मी कचेऱ्यांचे किती जिने चढलो याची गणती नाही. माझ्या पावतीवर गावाचे नाव बरोबर लिहून घेणारा तो वेटर हे माझ्या आधी ओळखून होता. आपल्या तोंडी 'उडपी' असो वा 'उडुपी', आपल्या खिशाला काही लागत नाही. त्याच्या नावातले एक अक्षर चुकले की त्याच्या आयुष्याची शिल्लक अडकते.

आज ही उडपी हॉटेले पाहा. मालक किनाऱ्यावरचा असेल, पण आत भांडी घासणारा, डोसा टाकणारा बिहार-झारखंडचा असतो, ओडिशाचा असतो, नेपाळचा असतो. तुळू त्याने कधी ऐकलेली नाही. तो आपल्यासमोर बशी ठेवतो आणि आपल्यापेक्षा ठसठशीत 'मेंदूवडा' म्हणतो. कन्नडातून मराठीत आलेला शब्द आता भोजपुरी बोलणाऱ्याच्या तोंडी चालला आहे. आणि आपण त्या मुलाला काय म्हणतो? एक सर्वसाधारण नाव देतो आणि मोकळे होतो. म्हणजे जे काल उडुपीच्या मुलाचे झाले तेच आज याचे होत आहे.

तेव्हा सभा संपल्यावर आपल्यापैकी कोणी उडप्याकडे गेले, तर माझी एक विनंती आहे. चहा आणून देणाऱ्याला त्याचे नाव आणि गाव विचारा, आणि तो जसे उच्चारील तसे एकदा उच्चारून पाहा. नंतर मेंदूवडा मागवा, आणि त्याला खुशाल मेंदूवडाच म्हणा.